५२ ग्रॅम सोनं, भिशीची रोकड आणि कारखान्यातले तंबोरे: जकात कुणावर, किती आणि कधी?

खर्जाची तार (मिरज)

अस्सलामु अलैकुम. मी मिरजेची. सासरचा धंदा तंतुवाद्यांचा. सतारमेकर गल्लीपासून जवळच आमचं दुकान आहे, मागं कारखाना. सासरे होते तोवर जकातीचं, म्हणजे आपल्या मालातून दर साली गरिबांसाठी काढायच्या हिश्शाचं, सगळं तेच बघायचे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एक रक्कम मनाशी ठरवायचे आणि वाटून मोकळे व्हायचे. ते अल्लाहला प्यारे झाल्यापासून हे काम माझ्याकडं आलंय, कारण घराची आणि दुकानाची वही मीच लिहिते. नवरा म्हणतो, "अब्बा द्यायचे तेवढेच देऊन टाक." मला ते पटत नाही. फर्ज (बंधनकारक) नमाजच्या रकाती आपण अंदाजानं पढत नाही, मग जकात अंदाजानं कशी काढायची?

आता नेमकं काय आहे ते सांगते. माझ्या अंगावरचं आणि कपाटातलं सोनं मिळून ५२ ग्रॅम, सगळं २२ कॅरेट. माहेरचं आणि सासरचं दोन्ही त्यात आलं, पण ते माझंच आहे, यावर घरात कुणाचा वाद नाही. चांदीचे पैंजण आणि एक डबी, १८० ग्रॅम. भिशीचे मिळालेले २२,००० रुपये घरात आहेत. ते कशासाठी ठेवलेत असं काही नाही, असू देत म्हणून ठेवलेत.

नवऱ्याचं म्हणाल तर बँकेत ८५,००० आहेत. दुकानात ६ तंबोरे तयार आहेत, साधारण पंचवीस-पंचवीस हजारांना जाणारे. अर्धवट झालेली वाद्यं, पंढरपूरकडून आणलेले भोपळे, तुणाचं लाकूड, हे सगळं आज विकायला काढलं तर ८०,००० येतील. पुण्याच्या एका दुकानदाराकडून ७०,००० यायचे आहेत. तो नाही म्हणत नाही, फक्त उशीर करतो. आम्ही लाकडाच्या वखारीला ४५,००० देणं लागतो. घराचं कर्ज आहे, अजून बरीच वर्षं चालेल. त्याचे दोन हप्ते थकलेत, मिळून २०,००० होतात.

मुलाच्या नावावर आजोबांनी एक ठेव ठेवली आहे, ती आणखी वेगळी.

या सगळ्यात जकात कशावर बसते? आणि मुळात आमच्यावर बसते का? नणंद म्हणते, साडेसात तोळे सोनं नसेल तर प्रश्नच मिटला.

विटेकर

वालेकुम सलाम ताई. नणंद बरोबर सांगतात. साडेसात तोळ्यांच्या आत सोनं असेल तर जकात नाही. आमच्या घरी सगळे हेच धरून चालतात. तुमचं सव्वापाच तोळे होतंय. नवऱ्याच्या धंद्याचं मात्र द्यावं लागेल.

कीर्द-खतावणी (सांगली)

वालेकुम सलाम. ताई, आधी माझी ओळख देतो, म्हणजे मी कुठल्या हक्कानं बोलतोय ते कळेल. मी धर्माचा निर्णय देणारा मुफ्ती नाही आणि धर्मशास्त्र शिकलेला आलिमही नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून आयुष्य काढलं. पेढीचे मालक जैन, पण यार्डातले मुस्लिम व्यापारी आणि गावातले दुकानदार रमजान लागायच्या आधी आपापल्या वह्या घेऊन माझ्याकडं यायचे. अजूनही येतात. मसला, म्हणजे धर्माचा नियम, मुफ्तीसाहेबांनी सांगायचा आणि आकडे मी मांडायचे, अशी आमची रीत. तुम्ही अंदाजावर न जाता विचारताय, याचा मला फार आनंद झाला. गरिबाचा हक्क आपल्या मालात मिसळलेला असतो. तो किती आहे हे वही उघडल्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्याचा पैसा आपण अंदाजानं परत करत नसतो.

विटेकर भाईंनी लिहिलंय तेच निम्म्या जिल्ह्यात चालतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. साडेसात तोळे ही मर्यादा ज्याच्याकडं फक्त सोनं आहे त्याच्यासाठी. चांदीचा तुकडा नाही, गरजेबाहेरचा एक रुपया शिल्लक नाही, विकायचा माल नाही, असा माणूस. असा माणूस आज सापडणं कठीण. सोन्याबरोबर थोडी चांदी किंवा थोडी रोकड असली की हनफी मसलकात (इमाम अबू हनीफांच्या मतानं चालणाऱ्या पंथात) सगळ्याची किंमत एकत्र करतात आणि ती चांदीच्या निसाबाला, म्हणजे जकात बसायच्या किमान मर्यादेला, लावतात. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे.

आणि हा तोळा सराफकट्ट्यावरचा नव्हे. आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. निसाबाचा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम. नुसतं सोनं असणारा एखादा ७५ ग्रॅमवरच जकात काढू लागतो. त्यात त्याचं नुकसान काही नाही, पण हिशेब म्हणून ते चूक आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. जकात घरावर बसत नाही, माणसावर बसते. तुमचं खातं वेगळं, तुमच्या मालकांचं वेगळं. नवराबायकोचं एकत्र करून निसाब भरायचा नाही, आणि एकाचं कर्ज दुसऱ्याच्या मालातून वजाही करायचं नाही. वहीत दोन पानं घाला.

तुमचं पान आधी घेतो. भाव रोज हलतो. ज्या दिवशी हिशेब कराल त्या दिवसाचा मोडीचा भाव सराफाला विचारा. मी इथं आकडेमोड सोपी जावी म्हणून २२ कॅरेट ग्रॅमला ९,००० आणि चांदी ग्रॅमला १०० धरतो. या भावानं चांदीचा निसाब झाला ६१,२३६ रुपये. तुमचं सोनं ५२ ग्रॅम, म्हणजे ४,६८,०००. चांदी १८,०००. भिशीचे २२,०००. बेरीज ५,०८,०००. निसाबाच्या कितीतरी वर आहे. चाळिसावा भाग काढायचा, शेकडा अडीच. १२,७०० रुपये झाले. दागिन्याची घडणावळ धरायची नाही, खडे-मोतीही वजनातून वगळायचे. सराफ मोडीत जेवढं देईल तेवढंच धरायचं.

आता मालकांचं पान. तयार तंबोरे १,५०,०००. अर्धवट माल, भोपळे, लाकूड ८०,०००. बँक ८५,०००. पुण्याचं येणं ७०,०००. बेरीज ३,८५,०००. यातून वखारीचे ४५,००० आणि थकलेल्या हप्त्यांचे २०,००० वजा. राहिले ३,२०,०००. जकात ८,०००.

घराचं कर्ज पुरतं वजा करायचं नाही. वीस वर्षांचं कर्ज आजच्या मालातून उणं केलं तर मोठमोठे कारखानदारसुद्धा जकात घेणाऱ्यांत जाऊन बसतील. म्हणून आजचे बरेच मुफ्ती म्हणतात की जो हप्ता अंगावर येऊन उभा आहे तेवढाच वजा करा. बँकेच्या खात्यात व्याज जमा झालं असेल तर ते या बेरजेत घ्यायचंच नाही. ते आपलं नव्हेच. सवाबची (पुण्य मिळावं अशी) नियत न ठेवता गरजूला देऊन टाकायचं.

पुण्याच्या दुकानदाराचं येणं त्याला कबूल आहे, म्हणून ते तुमच्याच मालात धरलं. पैसे हातात आलेले नाहीत, म्हणून त्याच्या वाटणीची जकात पैसे आल्यावर दिली तरी चालते. फक्त मधली सगळी वर्षं तेव्हा मोजावी लागतात. वर्षाच्या वर्षाला देऊन टाकलेलं बरं, असं मी सगळ्यांना सांगतो.

कारखान्यात कशावर जकात आणि कशावर नाही, हे तुमच्या धंद्यात बारकाईनं बघावं लागेल. करवत, पटाशी, रंधा, कानस, खराद यांवर नाही. ती अवजारं आहेत, विकायची वस्तू नव्हे. दुकानाच्या गाळ्यावर नाही. माल पोचवायच्या गाडीवर नाही. भोपळा, लाकूड, हस्तिदंती रंगाच्या पट्ट्या, खुंट्या, तारा यांवर आहे, कारण हे सगळं वाद्यात जाऊन विकलं जातं. लाखेचं पॉलिशसुद्धा मोजा, ते वाद्यावर राहतं आणि गिऱ्हाइकाबरोबर जातं. पॉलिश पेपर मोजू नका, तो घासून संपतो. जुन्या फकीहांनी (शरियतच्या जाणकारांनी) रंगाऱ्याचा रंग आणि धोब्याचा साबण यांत हाच फरक केलाय. रंग कापडात राहतो, म्हणून मोजायचा. साबण पाण्यात जातो, म्हणून सोडायचा. दुरुस्तीला आलेली वाद्यं तुमची नव्हेत. भाड्यानं द्यायला ठेवलेला तंबोराही सोडा, त्याचं भाडं शिल्लक राहिलं तर ते रोकडीत येईलच. आणि सासऱ्यांच्या हातची एखादी सतार घरात वाजवायला ठेवली असेल, तिची बाजारात कितीही किंमत असो, तिच्यावर जकात नाही.

मुलाच्या ठेवीवर हनफी मसलकात जकात नाही. तो नाबालिग आहे, अजून वयात आलेला नाही.

आता कधी. ज्या दिवशी माणूस पहिल्यांदा निसाबाचा धनी झाला, ती चांद्र तारीख धरायची. पुढच्या साली तीच तारीख आली आणि त्या दिवशीही माल निसाबाइतका असला, की जकात फर्ज. मधल्या महिन्यांत माल खालीवर झाला तरी बिघडत नाही, अगदी शून्यावर आला तरच साल नव्यानं धरायचं. मध्येच आलेला पैसा, उदाहरणार्थ तारखेच्या आठ दिवस आधी विकलेल्या सतारीचा, त्याला वेगळं साल लागत नाही. तो मूळ मालातच मिसळला. पहिली तारीख आठवत नसेल तर विचार करून एक पक्की करा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ती रमजानातच असली पाहिजे असं नाही. तुमची तारीख सफर या चांद्र महिन्यात येत असेल तर हिशेब सफरमध्येच करायचा. रमजानात सवाब जास्त म्हणून लोक थांबतात, आणि ज्याला मोहरममध्ये औषधाला पैसे नसतात तो तसाच राहतो.

एक काळजीचं बोलतो. तुमच्या सोन्याची जकात आजवर कुणी दिली? सासरे देत होते त्यात तुमचं सोनं धरलेलं होतं आणि तुमची त्याला हो होती, तर ती पोचली. तसं नसेल तर मागची वर्षं तुमच्यावर बाकी आहेत. घाबरू नका. एकदम द्यायची सक्ती नाही, थोडीथोडी फेडता येते. मालकांनी तुमच्या वतीनं दिली तरी चालते, पण तुम्हाला सांगून. सोनं मोडायलाच पाहिजे असंही नाही. पुढच्या सालाची जकात दरमहा हजार-अकराशे करून आधीच देत गेलात तर तारखेला ओझं होत नाही. आगाऊ दिलेली जकात चालते.

यार्डातला शेजारी (सांगली)

दिवाणजी, नमस्कार. मी हिंदू आहे, धर्माच्या बाजूचं मला कळत नाही. पण हळदीचा धंदा आहे म्हणून हिशेबाचा एक प्रश्न पडला. आम्ही मार्चअखेरीला शिल्लक माल खरेदीच्या भावानं किंवा बाजारभावानं, यातला जो कमी असेल त्या भावानं दाखवतो. सीए तसंच करतो. जकातीला तोच आकडा घेतात का?

कीर्द-खतावणी (सांगली)

नमस्कार शेठ, तुम्ही प्रश्न फार चांगला काढलात. नाही, तो आकडा चालत नाही. जकातीला त्या दिवशीचा विक्रीचा भाव घ्यायचा. समजा राजापुरी हळद तुम्ही क्विंटलला १०,००० नं घेतली आणि जकातीच्या तारखेला ती १४,००० नं जातेय, तर १४,००० धरायचे. उलट भाव पडून ८,००० झाला तर ८,०००. खरेदीचा भाव त्यात येतच नाही. ठोकचा धंदा असेल तर ठोकचा भाव, किरकोळचा असेल तर किरकोळचा.

मार्चचा विषय निघालाच म्हणून सांगतो. आमचे पुष्कळ व्यापारी ३१ मार्चच्या ताळेबंदावरच जकात काढतात, कारण त्या दिवशी माल मोजलेला असतो. सोय म्हणून ठीक आहे, पण चांद्र साल साधारण ३५४ दिवसांचं असतं. दर वर्षी ११ दिवस मागं पडतात आणि तेहतीस वर्षांत एक अख्खं साल बुडतं. गरिबाचं एक साल. म्हणून ज्याला मार्चच धरायचा आहे त्यानं शेकडा अडीचऐवजी २.५८ काढावं, असं आलिम सांगतात. लाखाला ऐंशी रुपयांचा फरक. त्यासाठी कुणाचं अडत नाही.

रहिमतपूर रस्ता (सातारा)

अस्सलामु अलैकुम. मी साताऱ्यात शिक्षक आहे, मूळ घर चिपळूणकडं. आम्ही कोकणी लोक शाफई, म्हणजे इमाम शाफईंचा मसलक पाळणारे. दिवाणजींनी सांगितलेलं हनफी मसलकाचं आहे, ते बरोबरच आहे. पण वाचणाऱ्यांत आमच्यासारखेही असतील म्हणून लिहितोय. आमच्याकडं बाईनं अंगावर घालायला ठेवलेला, रिवाजात बसेल एवढा दागिना असेल तर त्यावर जकात नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) आपल्या भावाच्या अनाथ मुलींना सांभाळायच्या. त्या मुलींच्या अंगावर दागिने होते आणि त्यांची जकात त्या काढत नसत, अशी रिवायत आहे. सोनं आणि चांदी आम्ही एकमेकांत मिळवतही नाही. पण बिस्किटं, नाणी किंवा भाव चढेल म्हणून ठेवलेलं सोनं याला ही सूट नाही.

उलट ताईंच्या मुलाच्या ठेवीवर आमच्याकडं जकात आहे. मूल नाबालिग असलं तरी माल त्याचा आहे, आणि पालकानं त्यातून काढायची.

माझी आई म्हणायची, जकात चुकवायला दागिना लपवणारी बाई गरीबच राहते. मसलक काहीही असो, भिशी निघाली की ती आधी जकात बाजूला काढायची.

कीर्द-खतावणी (सांगली)

गुरुजी, बरं झालं लिहिलंत. दोन्हींना दलील, म्हणजे आधार आहे. आमच्याकडं त्या बाईची हदीस घेतात, जी आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या हातात सोन्याचे दोन जाड कंगन होते. रसूलुल्लाह (स.), म्हणजे पैगंबर, यांनी विचारलं, याची जकात देतेस का? ती नाही म्हणाली. तेव्हा त्यांनी विचारलं, कयामतच्या दिवशी अल्लाहनं तुला आगीचे कंगन घातलेले आवडेल का? तिनं ते तिथंच काढून पुढं ठेवले.

एवढंच सांगतो की, ज्या मसलकावर नमाज पढता त्याच मसलकावर हिशेब करा. दागिन्यापुरतं शाफई आणि मुलाच्या ठेवीपुरतं हनफी, असं करणारे मी पाहिलेत. दोन्हीकडची सूट तेवढी उचलायची. ते बरं नाही.

बेदाणा शेड (कवठेमहांकाळ)

दिवाणजी चाचा, माझाही प्रश्न घ्या. आमची द्राक्षबाग आहे, सगळा माल बेदाण्याला जातो. पाणी म्हैसाळ योजनेचं आणि बोअरचं, ड्रिपवर. बेदाणा तयार झाला की पेट्या भरून कोल्ड स्टोरेजला ठेवतो आणि भाव बघून तासगावच्या सौद्यात काढतो. रमजानमध्ये बँकेत जेवढे असतील त्यावर अडीच टक्के देतो. एवढं पुरतं ना? की पेट्याही धरायच्या?

कीर्द-खतावणी (सांगली)

बेटा, तुमचा हिशेब वेगळ्या पानावर. शेतीच्या पिकावर जकात नव्हे, उश्र. त्याला साल पुरं व्हायची अट नाही. कुरआनात सूरह अनआमच्या १४१व्या आयतीत आहे की पीक काढायच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका. ज्या हंगामात पीक आलं त्याच हंगामात द्यायचा. वर्षात दोनदा पीक आलं तर दोनदा.

पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, आणि पैसे किंवा कष्ट घालून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. तुमचं ड्रिप आहे, म्हणून विसावा. वीस पेट्यांमागं एक पेटी. तीच पेटी द्या, नाहीतर तिची किंमत द्या. औषधं, डिपिंग ऑइल, मजुरी, शेडचं भाडं हे आधी वजा करायचं नाही, आलेल्या सगळ्या मालावर उश्र काढायचा. पाण्याचा खर्च पडतो म्हणून तर दहाव्याचा विसावा झालाय. इमाम अबू हनीफा यांच्या मते याला किमान मर्यादा नाही, थोड्या पिकावरही द्यायचा. त्यांच्या दोन्ही शागिर्दांच्या आणि इमाम शाफईंच्या मते पाच वसक, म्हणजे साडेसहाशे किलोच्या आसपास, एवढ्याच्या आत नाही. तुमच्या बागेला या वादाचा उपयोग नाही, एका एकरातच बेदाणा त्यापुढं जातो.

हिंदुस्तानातल्या जमिनींवर उश्र वाजिब (बंधनकारक) होतो का, यात आलिमांची दोन मतं आहेत, हेही सांगून ठेवतो. तुमच्या मौलानांना विचारा. पण माझ्या ओळखीतले जे बागायतदार देतात, ते देण्यातच खातरजमा आहे म्हणून देतात.

आता कोल्ड स्टोरेजच्या पेट्या. ऐका, कारण यात फार गोंधळ होतो. एकाच खोलीत दोन थप्प्या आहेत असं धरा. एक तुमची, स्वतःच्या बागेतली. दुसरी तासगावच्या व्यापाऱ्याची, सौद्यात घेतलेली. तुम्ही हंगामात उश्र दिला, की तुमची थप्पी मोकळी. ती वर्षभर पडली, दोन वर्षं पडली, तरी त्या पेट्यांवर जकात नाही. विकल्यावर जो पैसा आला आणि तुमच्या तारखेला शिल्लक राहिला, त्यावर अडीच टक्के. व्यापाऱ्याची थप्पी मात्र विकायला घेतलेला माल आहे. त्याच्या तारखेला ती जितकी असेल तितक्याची जकात, आणि माल पडून राहिला तर दर साली. हरिपूरच्या पेवांत हळद असायची तेव्हाही आम्ही असंच करायचो. पेव शेतकऱ्याचं की व्यापाऱ्याचं हे आधी विचारायचं, मग आकडा घालायचा.

म्हणून बँकेतल्या पैशावर देता ते ठीक आहे, पण उश्र राहून जातोय.

खर्जाची तार (मिरज)

चाचा, अल्लाह तुम्हाला याचा बदला देवो. दोन पानं घातली. सासऱ्यांना मी कधी माझ्या सोन्याचं काही बोलले नव्हते, त्यामुळं मागच्या वर्षांचं मौलानांना विचारून ठरवते. मालकांनीही बसून ऐकलं आणि तंबोरे मोजताना ते स्वतः होते.

आता द्यायचं कुणाला? दीर पॉवरलूमवर होते, काम सुटलंय, घरात तीन पोरं. माझी आई एकटी असते, तिलाही लागतं. कारखान्यात एक कारागीर आहे, त्याच्या मुलीचं ऑपरेशन झालंय. धुणंभांडी करणाऱ्या मावशी आहेत, त्या हिंदू आहेत, मोठ्या अडचणीत आहेत. आणि एकाला मागच्या पुराच्या वेळी मी १५,००० उसने दिले होते, तो परत देऊ शकत नाही. तेच जकातीत सोडून दिले तर?

कीर्द-खतावणी (सांगली)

सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आठ हकदार सांगितलेत. फकीर (गरीब), मिस्कीन (काहीच नसलेले), जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची आहेत ते, गुलामांची सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेवरचे आणि मुसाफिर. तुम्ही विचारलेले लोक बहुतेक पहिल्या दोनांत आणि कर्जदारांत येतात.

दिराला जरूर द्या, दोघांच्याही जकातीतून चालते. किंबहुना नात्यातल्या गरजूला दिलं तर दोन सवाब आहेत, सदक्याचा (दानाचा) आणि नातं राखल्याचा. अट एवढीच की ते स्वतः निसाबाचे धनी नसावेत. आईला जकात चालत नाही. आई, बाप, आजी, आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवराबायको एकमेकांना, यांत जकात लागत नाही, कारण त्यांचं बघणं हे तसंही आपलं काम आहे. आईला तुमच्या इतर पैशातून द्या आणि जकातीपेक्षा आधी द्या. सय्यद घराण्यातल्यांनाही जकात देत नाहीत, त्यांना हदिया, म्हणजे भेट म्हणून द्यावं.

कारागिराला देता येते, पण पगार आणि ईदचा बोनस आधी पुरा द्या. त्याच्या कामाचे पैसे जकातीच्या नावानं देऊन आपलं देणं भागवलं, असं होता कामा नये. ऑपरेशनचे पैसे देताना जकात आहे असं सांगायची गरज नाही. नियत तुमच्या मनात असली की पुरे. ईदी म्हणा, पोरीच्या खाऊला म्हणा. पण पैसा त्याच्या हातात, त्याच्या मालकीचा झाला पाहिजे. म्हणूनच मशिदीचे पत्रे किंवा कब्रस्तानची भिंत यात जकात लागत नाही, तिथं कुणी मालक होत नाही. त्यांना वेगळी वर्गणी द्या.

मावशींना जकात नव्हे, नफल सदका (ऐच्छिक दान) द्या, आणि हात आखडू नका. त्याला ना निसाब, ना तारीख, ना धर्म आडवा येतो. शेजाऱ्याचा हक्क तर आहेच.

उसन्याचं मात्र तसं सोडून देऊन जकात फिटत नाही. देताना नियत उसन्याची होती, आणि सोडताना त्याच्या हातात नवं काही पडत नाही. त्याला बोलवा, जकातीचे १५,००० त्याच्या हातात ठेवा. पैसे त्याचे झाले. मग त्यानं खुशीनं त्यातून तुमचं उसनं फेडलं तर फेडलं. नाही फेडलं आणि पोराची फी भरली, तरी तुमची जकात पोचली आणि उसनं तसंच राहिलं. देण्याआधी "परत दे" अशी बोली करून घेऊ नका.

फितरा, म्हणजे रमजान ईदला माणशी द्यायचं दान, यात धरू नका, तो वेगळा. ईदच्या नमाजला जायच्या आधी, घरातल्या नाबालिग मुलांसकट, माणशी पावणेदोन किलो गव्हाची किंमत. खजूर किंवा जव यांच्या भावानं द्यायचा तर त्याच्या दुप्पट, साडेतीन किलो. ऐपत असेल त्यानं खजुराच्या भावानं द्यावा. मालकांना सांगा, मुलाचा फितरा त्यांच्या पानावर.